बांधावरचे पाच खांब

फाटकावर पाटी आहे : ‘खाजगी रस्ता. परवानगीशिवाय आत येऊ नये.’ खाली कुत्र्याचं चित्र. कर्जत-खालापूर पट्ट्यात अशा पाट्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की कुठल्या पाटीवरचा कुत्रा कुठल्या जातीचा हेही मला पाठ झालंय. पण ही एक पाटी दिसली की आजही माझं डोकं फिरतं. अंकासाठी लेख मागितला तेव्हा बायको म्हणाली, ‘सणासुदीचं काहीतरी गोड लिहा.’ गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मी वायरवाला माणूस, मला जे सलतंय ते लिहिणार.

आधी मी सरकारी टेलिफोनचा लाइनमन होतो. तांब्याच्या तारा गेल्या, लोकांनी लँडलाइनची डबडी माळ्यावर टाकली, तेव्हा मीही खात्यातून बाहेर पडलो आणि कर्जतच्या एका केबलवाल्या मालकांकडे फायबरच्या कामाला लागलो. तिथून दोन वर्षांपूर्वी मला काढलं. ‘निवृत्त झालो’ असं लोकांना सांगून सांगून कंटाळा आला, म्हणून इथे ‘काढलं’ असंच लिहितो. का काढलं, तेच सांगायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फायबर म्हणजे काचेचा धागा, डोक्याच्या केसाएवढा. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. तुटला तर शॉक बसत नाही. फक्त घरातल्या इंटरनेटच्या डबीवर लाल दिवा लागतो आणि मला शिव्या बसतात. जोडायचा तर दोन्ही टोकं सोलून, पुसून, सरळ कापून एका छोट्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. एक ठिणगी पडते, काच वितळते, दोन धाग्यांचा एक होतो. धुळीचा कण मध्ये आला की पहिल्यापासून सुरुवात. साठी उलटली तरी या कामात माझा हात कधी थरथरला नाही. हा गर्व वाटला तर वाटू दे.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. दहिवलीच्या एका गृहस्थांनी लोंबणारी वायर भिंतीला पक्की केली ती खिळा ठोकून, आणि खिळा वायरच्या बरोबर मधोमध. वर मलाच विचारतात, ‘आता हलत नाही, मग नेट का गेलं?’ कोंडाण्याच्या बाजूला एका बंगलेवाल्या बाईंना डबीमुळे दिवाणखान्याची शोभा जाते असं वाटलं. त्यांनी ती लोखंडी कपाटात बंद केली, कुलूप लावलं आणि वायफाय पोचत नाही म्हणून तक्रार केली. असल्या लोकांवर मी कधी चिडलो नाही. चूक कळली की तेही हसायचे, मीही हसायचो.

माझा राग वेगळ्या लोकांवर आहे. या कामात काच जोडणं सोपं, अवघड काय तर परवानगी. खांब कोणाच्या जागेत, वायर कोणाच्या कुंपणावरून, फांदी कोणाच्या झाडाची. गावात हे एका वाक्यात मिटतं. फाटकं लागली तिथे मिटत नाही.

डोंगराच्या पायथ्याला चाळीसेक बंगल्यांची एक वसाहत आहे. नाव सांगत नाही. त्या नावात एक इंग्रजी झाड आहे आणि एक इंग्रजी डोंगर. मोठ्या रस्त्यावर फाटक, फाटकातून आत जाणारा गुळगुळीत रस्ता, आणि तो जिथे संपतो तिथे, वसाहतीच्या बाहेर, हिराजीबाबांचं कौलारू घर. हिराजीबाबांच्या वडिलांची बैलगाडी याच वाटेने जायची. आजूबाजूची जमीन विकली गेली, वाटेवर डांबर आलं, मग फाटक आलं, मग पाटी. आता हिराजीबाबांच्या घरच्यांना स्वतःच्या घरी जायला पहारेकऱ्याच्या वहीत सही करावी लागते. बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांना न्यायला आलेली रिक्षासुद्धा वहीत नंबर लिहीपर्यंत फाटकाबाहेर उभी होती.

घरात माणसं दोन, बाबा आणि त्यांची मुलगी मनीषा. आई केव्हाच गेली. मनीषा पनवेलला एका विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायचं काम करायची. वडील अंथरुणाला खिळले तशी ती घरी आली. त्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागत होतं. कंपनी भली म्हणायची. घरून काम करायची परवानगी दिली, पण एका अटीवर. घरात वायरने आलेलं, चांगल्या वेगाचं इंटरनेट पाहिजे. महिनाअखेरच्या शनिवारी चार वाजता ते तपासणार होते. पास झालं तर काम चालू, नाहीतर सोमवारी पनवेलला हजर, किंवा राजीनामा.

मोबाइलवर भागलं असतं, पण घर खोलगट जागेत. रेंज येते ती फक्त परसातल्या पेरूखाली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मनीषा पेरूच्या बुंध्याला टेकून, लॅपटॉप हातावर धरून उभी होती.

“सुर्वेकाका,” ती म्हणाली, “वायर द्या ओ कशीपन. बाबांना सोडून मी जानार कुठं?”

मी म्हटलं, आठ दिवसांत देतो. इतका सोपा शब्द दिला, कारण काम सोपं होतं. वसाहतीच्या क्लबहाउसच्या भिंतीवर आमची पेटी होती. तिथून हिराजीबाबांच्या घरापर्यंत रस्त्याच्या कडेने वसाहतीचाच पाइप पुरलेला, तोही रिकामा. त्यातून दोरी ओढायची, दोरीमागून वायर. अर्ध्या दिवसाचं काम, आणि बाहेरून काही दिसणारसुद्धा नाही.

फाटकावर काशिनाथ होता, वरच्या वाडीतला ठाकर. मी शिडी उतरवायला लागलो तर तो कानकोंडा झाला.

“दादा, सायबांचा हुकूम हाय. हिराजीबाबाच्या घरची वायर म्हनलं तर आत सोडायचं नाय.”

“अरे, मी दर महिन्याला इथे येतो की!”

“बंगल्याच्या कामाला येता तुमी. मला नका बोलू दादा. मी सोता वहीत सही करून आत जातो.”

मी वसाहतीच्या सेक्रेटरींना फोन लावला. हे गृहस्थ मुंबईत राहतात, शनिवार-रविवार इथे येतात. आवाज एकदम गोड.

“सुर्वे, जरा समजून घ्या. रस्ता प्रायव्हेट आहे. आज एक वायर, उद्या दहा वायरी. कंट्रोल राहत नाही.”

“साहेब, त्या बाजूला घरच एक आहे. दहा कुठून येतील? आणि पाइप रिकामा आहे.”

“पाइप सभासदांसाठी आहे. तुम्ही असं करा, अर्ज द्या. पुढच्या सभेत ठेवू.”

“सभा कधी?”

“कोरम झाला की.”

मी अर्ज दिला. मनीषानेही दिला. वडिलांचे दवाखान्याचे कागद जोडले, कंपनीचं पत्र जोडलं. अर्ज परत आला तो शेरा मारून : सर्व सभासदांच्या सह्या आणा. चाळीस बंगले, त्यातले निम्मे वर्षभर बंद, मालक कुठे कुठे पसरलेले. खालापूरला जाऊन ओळखीच्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, वहिवाटीचा दावा लावता येईल, जिंकालही, पण महिनाअखेरपर्यंत तर तारीखसुद्धा पडणार नाही. माझे आठ दिवस केव्हाच उलटून गेले होते. मनीषा रोज एकदा फोन करायची आणि मी रोज काहीतरी थाप मारायचो. पोहायच्या तलावाकाठी नेट जरा कमी येतं म्हणून याच लोकांनी मला भर पावसात बोलावलं होतं, आणि मी धावत गेलो होतो, हे आठवून माझी मलाच चीड यायची.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

वसाहतीचं इंटरनेट येतं कुठून? मोठ्या रस्त्यावरून नाही. वसाहत झाली तेव्हा तो रस्ता रुंद करण्यासाठी खणून ठेवला होता, तिकडून वायर नेता येईना. म्हणून मी केबल मागच्या गावातून आणली, आणि मध्ये होतं हिराजीबाबांचं भातशेत. मी बांधावरून चालत त्यांच्या अंगणात गेलो. बाबा तेव्हा धडधाकट होते, विळ्याला धार लावत बसले होते.

“बाबा, पलीकडे बंगल्यांत इंटरनेट न्यायचंय. तुमच्या बांधावर पाच खांब रोवू का?”

“नांगराला आडवं येतील काय?”

“नाही येणार.”

“मंग रोव रं. वायर काय माझं भात चरत नाय.”

एवढंच. कोरा चहा दिला, आणि बांध कुठे पक्का आहे, कुठे खेकड्यांनी पोखरलाय, ते स्वतः पुढे चालत दाखवलं. आमच्याकडची रीतच ती. बांधावरून पाण्याला, गुरांना, माणसांना वाट तोंडी मागतात आणि तोंडी देतात. एकदा दिलेली वाट मोडत नाहीत. मी मात्र खूश झालो ते कागद करायचा त्रास वाचला म्हणून. ऑफिसच्या वहीत लिहिलं, ‘जागामालकाची परवानगी : आहे.’ लाइन चालू झाली त्या दिवशी सेक्रेटरींनी मला पेढ्यांचा पुडा दिला. ज्याच्या बांधावरून ती आली त्याला कोणी साधं विचारलंही नाही. त्याचं नाव त्यांना सांगायला हवं होतं ते मी, आणि मी पेढे खात उभा होतो.

एका शनिवारी मी सेक्रेटरींच्या बंगल्यावर गेलो आणि हे सगळं त्यांच्यापुढे मांडलं. म्हटलं, साहेब, तुमच्या चाळीस बंगल्यांचं नेट त्या म्हाताऱ्याच्या पाच खांबांवर चाललंय, तुम्ही त्याला एक वायर जाऊ द्या.

त्यांनी शांतपणे विचारलं, “त्याचा काही कागद आहे?”

“कागद नाही. त्यांनी शब्द दिला होता.”

“मग तो विषय नका काढू, सुर्वे.”

मी तिथून निघालो तो थेट बांधावरून हिराजीबाबांकडे गेलो. डोकं इतकं तापलं होतं की दोनदा पाय चिखलात गेला. मनीषाला म्हटलं, कागद नाही ना, तर मग खांब काढायचाही हक्क तुमचाच. एक अर्ज लिही, आमच्या जागेतले खांब काढून न्या. बघू मग कोरम किती लवकर होतो ते.

तिने तिथल्या तिथे वहीचं पान फाडून अर्ज लिहिला आणि शाईचं पॅड घेऊन बाबांजवळ बसली. बाबांचा उजवा हात लुळा, डावा चालतो. त्यांनी डावा हात गोधडीखाली घेतला.

“नाय,” ते म्हणाले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालंय, एकेक शब्द सावकाश येतो. “दिलेली वाट... मोडायची नाय.”

मनीषा उसळली. “बाबा, त्यांनी आपली वाट आडवली ना! वहीत सह्या करून घरी येतो आपन, आपल्या घरी! तुमचा सबूद राखायचा म्हनून मी नोकरी सोडू काय? मंग खायचं काय दोघांनी?”

ती रडत होती, पण ते रडणं रागाचं होतं. मीही आवाज चढवला. आजारी माणसावर चढवला, त्याची लाज अजून वाटते. बाबांनी दोघांचं बोलून होऊ दिलं. मग डाव्या हाताने माझी बाही ओढली.

“वायरवाल्या, ती वायर... आमच्याच रानातनं जाते ना रं?”

“हो बाबा.”

“मंग तिकडं फाटकावर... काय मागतोस?”

याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बांधावरचा चौथा खांब घरापासून साठ पावलांवर. पुढेमागे लागेल म्हणून जुन्या सवयीने मी तिथे दहा मीटर केबलचं वेटोळं बांधून ठेवलं होतं. ते सोडायचं, आतला एक चालू धागा कापायचा, मध्ये उजेड वाटून देणारी एक छोटी डबी बसवायची. अर्धा उजेड वसाहतीला, अर्धा या घराला, आणि तेवढा दोघांनाही पुरून उरतो. अडचण एकच. काम होईपर्यंत दोन-अडीच तास अख्ख्या वसाहतीचं नेट बंद. आणि मालकांचा नियम होता, जोडणी द्यायची ती पेटीतूनच, चालू केबल मध्ये कापायची नाही. मी त्यांना पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं. ते म्हणाले होते, ‘एका घरासाठी चाळीस गिऱ्हाइकं दुखवू नका.’ आणि मी मान डोलावली होती. परवानगी मागायची सवय लागली की माणूस अशा ठिकाणीही मागत राहतो.

शेवटच्या शनिवारी सकाळी मी मालकांना फोन करून सांगितलं, आज मी बांधावर जोड देणार आहे. ते म्हणाले, “मग सोमवारी येऊ नका.” मी म्हटलं, बरं.

साडेबाराला मी वेटोळं खाली उतरवलं. भात निसवलं होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंनी लोंब्या टोचत होत्या, म्हणून मनीषाने पोतं अंथरून दिलं आणि मशीनवर धूळ नको म्हणून छत्री धरून उभी राहिली. घराच्या ओटीवर खुर्चीत उशा लावून बाबांना बसवलं होतं. मी धागा कापला. पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. चौथ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

“सुर्वे, सगळ्या वसाहतीचं नेट गेलंय!”

“हो साहेब. काम चालू आहे.”

“कुठे?”

“हिराजीबाबांच्या बांधावर.”

“कोणाला विचारून?”

“जागामालकाला,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

पंधरा मिनिटांत ते आलेच. गुळगुळीत रस्त्याच्या टोकाला गाडी लावली आणि पांढऱ्या बुटांनिशी सरळ बांधावर पाय ठेवला. ना कोणाला हाक, ना विचारणं. माझ्या तोंडावर आलं होतं की साहेब, ही खाजगी जागा आहे, वहीत सही करा. बोललोही असतो, पण ओटीवरून बाबांचा जड आवाज आला.

“दादा... जपून या. तिथं खेकड्यानं... पोखरलंय. मनीषा, च्या ठेव गं.”

सेक्रेटरी थबकले. बाबांकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं, एक-दोन-तीन करत पाचही मोजले. नंतर ओरडले ते मात्र माझ्यावरच, नोकरी घालवीन म्हणाले. मी सांगितलं, ती सकाळीच गेली. मग खाली बसून ते माझे हात बघत राहिले. मनीषाने आणलेला कोरा चहा त्यांनी घेतला, हेही लिहिलं पाहिजे.

तीन वाजून दहा मिनिटांनी वसाहत चालू झाली. मग साठ पावलं वायर ओढून घरात डबी बसवली. लाल दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. नंतर हिरवा लागला. चार वाजता कंपनीची बाई पडद्यावर आली, तिने पाच मिनिटं तपासलं आणि म्हणाली, सोमवारपासून सुरू करा. मनीषाने लॅपटॉप मिटला आणि ओटीवर जाऊन बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ते डाव्या हाताने तिला थोपटत होते. मी सामान आवरायला बाहेर गेलो.

इथे संपवलं असतं तर लेख गोड झाला असता. पण पाटी अजून तशीच आहे. वहीही आहे, आणि मनीषा अजून तिच्यात सही करते. वायर मिळाली, वाट काही सुटली नाही, आणि मी सोमवारपासून घरी बसलो तो बसलोच.

एक गोष्ट मात्र बदलली. त्या दिवशी खांब मोजून गेल्यापासून सेक्रेटरींची झोप उडाली असावी. चार महिन्यांनी त्यांनी वकिलाकडून एक कागद तयार करून काशिनाथच्या हाती पाठवला : सदर पाच खांब कायम राहण्यास माझी हरकत नाही. खाली अंगठ्याची जागा. मनीषाने तो बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, “एकदा सांगितलंय ना? पुना कशाला?” अंगठा काही दिला नाही.

मग सेक्रेटरी स्वतः आले. परवा मी भेटायला गेलो तेव्हा मनीषानेच हे सांगितलं. डबी नीट बसावी म्हणून फळीवर तिच्याखाली एक घडी केलेला कागद होता, तो काढून तिने मला दाखवला. तोच होता.

“काय सांगितलंस त्यांना?” मी विचारलं.

“म्हनलं, कागद ठेवून जा साहेब. पुढच्या सभेत ठेवू.”

त्या घरात माणसं दोन. सभा अजून झालेली नाही.